गच्चीवरच्या कुंड्या, दगडाची भुकटी आणि जड धातू

तुळशीवृंदावन (धागाकर्ती)

मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, पण वाचाच.

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात आमच्या गच्चीवर कुंड्या आणि ग्रो बॅग आहेत. पालक, मेथी, सांबार (कोथिंबीर), अंबाडी, टमाटर, वांगी, एका कोपऱ्यात दोडक्याचा मांडव. काही कुंड्यांत काळी माती आणि शेणखत, काहींत नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत. यंदा दुकानदाराने दोन पिशव्या गळ्यात मारल्या. एक रॉक फॉस्फेटची (फॉस्फरसवाल्या दगडाची भुकटी), दुसरी ‘खनिज भुकटी’. दुसरीच्या मागे लिहिलंय, ‘१०० टक्के नैसर्गिक, ७० पेक्षा जास्त मूलद्रव्ये, कितीही वापरा, अपाय नाही.’ कुठल्या खाणीतली, कुठल्या दगडाची, काही पत्ता नाही. पालकाच्या जुडीचा फोटो मात्र झकास.

आता भाच्याची गोष्ट. तो कॅलिफोर्नियात परवानाधारक गांजाच्या शेतावर नोकरीला आहे (तिकडे कायदेशीर आहे, उगाच भुवया उंचावू नका). त्याला फोनवर सहज सांगितलं तर म्हणाला, “मावशी, आमच्याकडे असली पिशवी बॅचच्या रिपोर्टशिवाय गोदामात घेत नाहीत. मालात कॅडमियम निघालं तर विकता येत नाही.” म्हणजे ओढायच्या वस्तूला एवढी तपासणी, आणि इकडे मी नातवाला पालकाची पातळभाजी वाढतेय, तिच्या मातीत काय घातलं हे मलाच ठाऊक नाही.

तर प्रश्न असे: या भुकट्यांत कॅडमियम, शिसं असले जड धातू खरंच असतात का? असले तर भाजीत उतरतात का? आणि नागपुरात हे तपासायचं कसं?

प्रशासक

गांजाची विनापरवाना लागवड आपल्याकडे एनडीपीएस कायदा (अमली पदार्थविरोधी कायदा), १९८५ खाली गुन्हा आहे. तिकडचे तपासणीचे नियम, माती, धातू यावर खुशाल बोला. ‘बी कुठे मिळेल’ छाप प्रतिसाद उडवले जातील. एक आत्ताच उडवला.

अंबाझरी_कट्टा

उडवलेला माझा नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

बाकी राजेहो, ज्या शहरात लोकं तोंड धुवायच्या आधी खर्रा (सुपारी-तंबाखू) घोटून मागतेत, तिथं पालकातल्या कॅडमियमची चिंता चालून राहिली! ताई, तुम्ही बिनधास्त खा.

बेसाल्ट_काका

दगडांमध्येच नोकरी गेली, म्हणून लिहितो.

आधी ते ‘७० पेक्षा जास्त’. निसर्गात सापडणारी मूलद्रव्यं नव्वदच्या आसपास. कुठलाही दगड कुटून चांगल्या यंत्रात घातला तर साठ-सत्तर मूलद्रव्यांचा माग सहज दिसतो. त्यात शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, थोरियम, युरेनियम आलेच. म्हणजे तुमच्या पिशवीने जाहिरातीतच कबुली देऊन टाकलीय, फक्त प्रमाण सांगितलेलं नाही. सगळी मेख त्या प्रमाणात.

दगड कोणता, यावर प्रमाण ठरतं. आपला दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण, या बाबतीत सज्जन. त्यात आर्सेनिक, शिसं, कॅडमियम कमीच. क्रोमियम, निकेल, तांबं मात्र भरपूर असतं, पुष्कळ ठिकाणी शंभर पीपीएमच्या (किलोला शंभर मिलिग्रॅमच्या) आसपास किंवा वर. पण ते पायरॉक्सिन, मॅग्नेटाइट अशा खनिजांच्या जाळीत अडकलेलं असतं, दगड झिजेल तसं हळूहळू सुटतं. काळा शेल, सल्फाइडवाला दगड, किंवा खाणीतून धातू काढून उरलेला कचरा दळून पिशवीत भरला असेल, तर हिशेब वेगळा.

याचं नावाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं. अ‍ॅरिझोनात हम्बोल्ट गावाजवळ आयर्न किंग नावाची जुनी खाण आहे. तिच्या कचऱ्यापासून ‘आयर्नाइट’ नावाचं लोहखत बनवून वर्षानुवर्षं बंगल्यांच्या हिरवळीसाठी विकलं गेलं. त्यात शिसं आणि आर्सेनिक हजारो पीपीएमच्या घरात निघालं. विकणाऱ्यांचा युक्तिवाद काय, तर आर्सेनिक हे आर्सेनोपायराइट आणि शिसं गॅलेना या सल्फाइड (गंधकयुक्त) खनिजांत बंद आहे, बाहेर येणार नाही. पुढे २००८ मध्ये ती खाण तिकडच्या सरकारने सुपरफंडच्या, म्हणजे सर्वात घातक प्रदूषित जागांच्या यादीत घातली. तेव्हा ‘जाळीत अडकलंय’ हे मी बेसाल्टबद्दल म्हणतो ते बेसाल्टपुरतंच. सल्फाइड खनिजं हवा-पाण्यात फार लवकर फुटतात.

आणि ताई, मूळ मुद्दा राहिलाच. तुमच्या कुंडीतली काळी माती म्हणजे झिजलेला बेसाल्टच. सीताबर्डीची टेकडी ज्या दगडाची, त्याचीच ती माती. तिच्यात पुन्हा बेसाल्टची भुकटी विकत आणून घालायची, हे मला कधी कळलं नाही.

शंकासूर

हे सगळं भीतीचं दुकान आहे. आधी ‘रासायनिक खत वाईट’ म्हणून सेंद्रिय विकायचं, मग ‘सेंद्रियात धातू’ म्हणून तपासणी विकायची. धातू मातीत आधीही होतेच की. आपले आजे-पणजे त्याच मातीतलं खाऊन नव्वदीपर्यंत जगले. आकडे द्या, नाहीतर गप्प बसा.

परदेशी_पाहुणा

मूळचा प्रतापनगरचा, सध्या कॅलिफोर्नियात तपासणीच्या प्रयोगशाळेत. ताईंच्या भाच्याच्या शेतावरून येतो तसलाच माल रोज हाताखालून जातो. तर शंकासूरजी, हे घ्या आकडे.

ओढण्याच्या मालाला इथली मर्यादा प्रति ग्रॅम कॅडमियम ०.२ मायक्रोग्रॅम, शिसं ०.५, आर्सेनिक ०.२, पारा ०.१. खाण्याच्या वस्तूंना कॅडमियम ०.५, शिसं ०.५, आर्सेनिक १.५, पारा ३. २०१८ च्या अखेरीपासून हे सक्तीचं आहे. दोन यादींत एवढा फरक का? कॅडमियम पोटात गेलं तर साधारण ५ टक्के शोषलं जातं, धुरातून फुप्फुसात गेलं तर २५ ते ५० टक्क्यांपर्यंत. म्हणून ओढायच्या मालाला जास्त कडक नियम. भाजीशी तुलना करताना हे लक्षात असू द्या, नाहीतर उगाच घाबराल.

काम कसं चालतं ते सांगतो. वाळलेलं फूल दळून त्यातला अर्धा ग्रॅम घ्यायचा, नायट्रिक आम्लात टाकून बंद भांड्यात मायक्रोवेव्हने विरघळवायचा. उरलेलं स्वच्छ पाणी आयसीपी-एमएस नावाच्या, धातू मोजणाऱ्या यंत्रात. यंत्र एवढं नाजूक की साध्या काचेच्या बाटलीतून आलेलं शिसंसुद्धा दिसतं, म्हणून सगळं प्लॅस्टिकमध्ये.

गांजा आणि हेम्प, एकाच जातीची झाडं, मातीतले धातू ओढून घेण्यात पटाईत. १९९० च्या दशकात चेर्नोबिलच्या परिसरात माती साफ करायला हेम्प लावून पाहिलं होतं ते याच गुणामुळे. म्हणून इथले शेतकरी रॉक डस्ट, ग्रीनसँड, रॉक फॉस्फेट, सगळ्यांचे रिपोर्ट मागतात. अर्थात दोष दरवेळी मातीचाच असतो असं नाही. व्हेपच्या (ई-सिगारेटच्या) काडतुसातल्या धातूच्या भागातून शिसं उतरल्याची उदाहरणं भरपूर आहेत. आणि फुलाचा अर्क काढला की धातूही त्यात दाट होऊन येऊ शकतात, फूल पास झालं तरी अर्क नापास.

अंबाझरी_कट्टा

आणि खर्ऱ्यात? तंबाखूपण तर झाडच आहे ना जी.

परदेशी_पाहुणा

तंबाखूच्या सुक्या पानात कॅडमियम साधारण १ ते २ मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम असतं. म्हणजे गांजा असता तर इथे दारातूनच परत पाठवला असता. पण कट्टाभाऊ, खर्रा खाणाऱ्याने कॅडमियमची काळजी करायची तर रांगेत फार मागे उभं राहावं लागेल. पुढे तोंडाचा कर्करोग उभा आहे.

मृद्गंध

माती तपासणं हाच माझा धंदा. शंकासूर म्हणतात ते अर्धं खरंय, धातू मातीत आधीपासून असतातच. आपण त्यात भर किती घालतो, एवढाच प्रश्न आहे, आणि तो पाटी-पेन्सिलवर सुटतो.

समजा कुंडीत १० किलो मिश्रण आहे. त्यात १०० ग्रॅम रॉक फॉस्फेट घातलं. त्या दगडात कॅडमियम किलोला ३० मिलिग्रॅम असेल, तर १०० ग्रॅमबरोबर ३ मिलिग्रॅम आलं. १० किलोत वाटलं की किलोमागे ०.३. चांगल्या मातीत मुळात असतं ०.१ ते ०.५ च्या दरम्यान. म्हणजे एका डोसात जवळपास दुप्पट. तोच दगड किलोला ३ मिलिग्रॅमवाला असता तर भर पडली असती ०.०३ ची, कोणी विचारलंही नसतं. आणि काकांची बेसाल्ट चुरी? अर्धा किलो घातली तरी किलोमागे ०.०१ च्या आसपास. सोडून द्या.

रॉक फॉस्फेटमध्ये हे कॅडमियम एकाहून कमी ते शंभराहून जास्त, एवढ्या टोकाटोकाचं असतं. समुद्रतळाच्या गाळातून बनलेल्या दगडात, मोरोक्को, ट्युनिशिया, सेनेगलकडच्या, ते जास्त. लाव्हारसापासून बनलेल्या, रशियाच्या कोला भागातल्या किंवा दक्षिण आफ्रिकेच्या फालाबोर्व्याच्या दगडात अगदी कमी. युरोपीय संघाने जुलै २०२२ पासून फॉस्फेट खताला मर्यादा घातली, किलोभर पी२ओ५ (खतातलं फॉस्फरस मोजायचं माप) मागे ६० मिलिग्रॅम कॅडमियम. ३० टक्के पी२ओ५ असलेल्या दगडाला याचा अर्थ किलोला १८. आता ताईंच्या पिशवीवर यातलं काहीच नाही. आकडा नाही, देश नाही.

शेतात एकरभर मातीत हे पातळ होऊन जातं. कुंडीत दर हंगामाला मूठ-मूठ घालत गेलो तर जायला जागा नाही. धातू कुजत नाही, उडून जात नाही. भाजीबरोबर थोडासा जातो, आणि नेमका तोच आपल्याला नको असतो.

आता आहारातली बाजू. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये ठरवलेली कॅडमियमची सहन होणारी मर्यादा महिन्याला शरीराच्या किलोमागे २५ मायक्रोग्रॅम. पालेभाजीतली कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्न मानकांची) मर्यादा किलोला ०.२ मिलिग्रॅम. अगदी त्या मर्यादेवरचा पालक रोज १०० ग्रॅम खाल्ला तर २० मायक्रोग्रॅम. साठ किलोच्या माणसाला दिवसाची सोय ५० ची, म्हणजे जेवणातलं बाकीचं धरून निभावतं. पंधरा किलोच्या नातवाची सोय साडेबाराची. त्याला रोज शंभर ग्रॅम पालक कोणी भरवत नाही, मान्य. पण त्याच्या बाबतीत मोकळी जागा किती थोडी आहे ते कळावं. वर हे मूत्रपिंडात साठतं आणि निम्मं व्हायला दहा-वीस वर्षं सहज लागतात. अंगात लोह कमी असेल तर आतडं कॅडमियम जास्त शोषतं. आपल्याकडच्या बायकांचं हिमोग्लोबिन किती असतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

शंकासूर

हे बरं झालं. असं आकड्यात बोला की ऐकतो. पण मातीत आहे म्हणून झाडात गेलंच, हे कशावरून?

मृद्गंध

जात नाहीच सरसकट. नागपूरच्या काळ्या मातीचा सामू (पीएच) ८ च्या आगेमागे, चुनखडी भरपूर, चिकणमाती भरपूर. अशा मातीत कॅडमियम आणि शिसं घट्ट धरून ठेवलं जातं. हे आपलं नशीब. पण ताईंच्या निम्म्या कुंड्या कोकोपीटच्या आहेत, त्यांचा सामू ६ च्या जवळ आणि चिकणमाती शून्य. तिथे तेच कॅडमियम मोकळं फिरतं. दोन कुंड्या शेजारी शेजारी, पिशवी तीच, परिणाम वेगळा.

आर्सेनिकचा स्वभाव उलटा. सामू चढला की ते सैल होतं, आणि फॉस्फेट घातलं तर त्याची जागा फॉस्फेट बळकावतं, आर्सेनिक बाहेर.

झाडाला कॅडमियम म्हणून वेगळं काही नको असतं. जस्त, लोह, मँगनीज आत घेण्याच्या वाटेनेच ते घुसतं. जस्त कमी असेल तर दार जास्त उघडं. आणि विदर्भातल्या काळ्या मातीत जस्ताची कमतरता जुनी आहे. बोअरच्या खारट पाण्यातलं क्लोराइडही कॅडमियमला विरघळवून मुळाशी नेतं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

एक गोष्ट कोणी विचारली नाही, ती विचारायला हवी होती: हे रॉक फॉस्फेट आपल्याकडे उपयोगी तरी पडतं का? ते विरघळायला आम्ल माती लागते. ८ सामूच्या मातीत ते खड्यासारखं पडून राहतं. म्हणजे त्या कुंडीत स्फुरदही (फॉस्फरस) मिळत नाही. आणि जिथे ते थोडंफार विरघळतं, त्या कोकोपीटच्या कुंडीत कॅडमियमही सुटतं. माझ्या मते नागपुरातल्या कुंडीत रॉक फॉस्फेट घालायचं कारणच नाही. चांगलं कुजलेलं शेणखत टाका, स्फुरद मिळतो.

उमरेडकर

मृद्गंध भाऊ, तुमचं पटलं. पण मले सांगा, आमच्या पाचगावकडं क्रशरची चुरी ढिगानं पडून आहे. वारं सुटलं का पऱ्हाटीवर पांढरी पुटं चढते. आता लोकं म्हणून राहिले का हीच चुरी वावरात पसरा, कार्बनचे पैसे भेटतेत. खरं हाये का? आन त्यात हे तुमचे धातू हायेत का?

बेसाल्ट_काका

खरं आहे, पण अर्धवट ऐकलंय तुम्ही. बेसाल्ट झिजताना हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यातून धरून ठेवतो, त्यावर हा धंदा उभा आहे. भारतातल्या छोट्या शेतकऱ्यांच्या वावरात बेसाल्टची भुकटी पसरणाऱ्या ‘माती कार्बन’ला एप्रिल २०२५ मध्ये कार्बन काढण्याच्या एक्सप्राइझ स्पर्धेचं ५ कोटी डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं. पैसे मिळायचे तर मोजमाप लागतं. कुठली चुरी, किती बारीक, एकरी किती, आधीची आणि नंतरची माती, सगळं तपासून. ढिगावरून ट्रॉली भरून आणली आणि ओतली, त्याचे पैसे कोणी देत नाही.

धातूंचं म्हणाल तर या कामात नजर ठेवायची ती निकेल आणि क्रोमियमवर. एकरी टनांनी घालायचं म्हटलं की शंभर पीपीएमसुद्धा हिशेबात धरावं लागतं. ड्युनाइटसारख्या ऑलिव्हिनने भरलेल्या दगडात निकेल दोन हजार पीपीएमच्या घरात जातं, म्हणून त्याच्यापेक्षा बेसाल्ट बरा. आणि तुमच्याकडची माती आधीच काळी असेल तर तिला या चुरीचा फायदा फार नाही. पूर्वेला, भंडाऱ्याकडच्या हलक्या, आम्ल धानाच्या मातीत तो दिसेल.

मनसर-कांद्रीकडच्या मँगनीज खाणींची काळी ‘खाणमाती’ कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. मँगनीज झाडाला लागतं ते चिमूटभर.

चुरी हाताळताना ओली करून हाताळा, तोंडाला मास्क लावा. तिची सगळ्यात पहिली इजा फुप्फुसाला, भाजीबिजी नंतर.

कोराडीकर

राखेचं कोणी बोललं नाही अजून. आमच्या इकडे ती फुकट. औष्णिक केंद्राची राख विटांना जाते, रस्त्याला जाते, आणि चार पोती कोणाच्या ना कोणाच्या अंगणात गुलाबाला पण जातात. ‘राख म्हणजे पोटॅश’ असं डोक्यात बसलंय. चुलीतली लाकडाची राख आणि कोळशाची राख यात फरक आहे, हे सांगून सांगून थकलो.

जुलै २०२२ मध्ये खसाळ्याच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला होता, तेव्हा राखेचा चिखल शेतांत, नाल्यांत शिरला. ज्यांच्या वावरात बसला त्यांना विचारा राख ‘खत’ आहे का.

मृद्गंध

कोराडीकर, अगदी बरोबर. आपला कोळसा राखाळ, जाळला की तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त राखच उरते. त्यामुळे परदेशी राखेच्या मानाने आपल्या राखेत धातू पातळ झालेले असतात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तरी आर्सेनिक, सेलेनियम असतं, आणि ते राखेच्या कणाच्या पृष्ठभागावर चिकटलेलं, म्हणजे पाण्याने सहज सुटणारं. कुंडीत सगळ्यात आधी त्रास देतं ते बोरॉन. पानांच्या कडा जळतात, लोक समजतात पाणी कमी पडलं आणि अजून पाणी घालतात. पारा बहुतेक धुराड्यातूनच जातो, राखेत कमी उरतो. संशोधन केंद्रांनी शेतात राख वापरून चांगली पिकं घेतली आहेत, पण मोजून-मापून, दर हंगामाला माती तपासून. गच्चीवर नको.

चितारओळ_शेजारी

तुम्ही लोक दगडाच्या मागे लागलात. आमच्याकडे घरोघरी होतं ते बघा. गणपती बादलीत विसर्जित करायचा, आणि ते पाणी आणि चिखल झाडांना. शाडूची, नैसर्गिक रंगाची मूर्ती असेल तर उत्तम. पण पीओपीची, चकचकीत पिवळ्या-केशरी ऑइल पेंटने रंगवलेली असेल तर? तो पिवळा रंग कशाचा, कोण विचारतं? क्रोम यलो म्हणजे शिसं आणि क्रोमियम, दोन्ही एकदम. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर नको हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, पण मूर्तीचा रंग कोणत्या डब्यातला, हे मूर्तिकारालाच माहीत.

दुसरं, दिवाळीच्या आधी गॅलरीची जुनी लोखंडी जाळी घासून रंगवतात. तो खरवडलेला भुसा झाडून कुठे जातो? खालच्या कुंडीत. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या रंगाचा भुसा आहे तो. तुमच्या पिशवीतल्या सगळ्या शिशापेक्षा एक चमचा हा भुसा भारी पडेल.

परदेशी_पाहुणा

शंभर टक्के सहमत. इथेही परसबागेच्या मातीत शिसं जास्त निघालं तर पहिला प्रश्न हाच, घर किती जुनं आणि रंग कधी खरवडला. भारतात शिसंवालं पेट्रोल २००० साली बंद झालं, पण रस्त्याकडेच्या मातीत ते शिसं अजून बसलेलं आहे. रिंग रोडच्या कडेची माती फुकट मिळते म्हणून आणू नका.

तुळशीवृंदावन

बाप रे. आमच्या जाळीला मागच्याच वर्षी रंग दिला, नशीब खाली कुंड्या नव्हत्या.

मृद्गंध, आमच्या दिरांकडे शेताची मृदा आरोग्य पत्रिका आहे. तशीच तपासणी कुंडीच्या मातीची केली तर कळेल ना?

मृद्गंध

नाही कळणार. त्या पत्रिकेत १२ गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा त्यात नाहीतच. हे वेगळं सांगून, वेगळे पैसे देऊन करून घ्यावं लागतं. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली प्रयोगशाळा बघा, आणि मान्यता नेमकी ‘मातीतले जड धातू’ या चाचणीला आहे का ते विचारा. पाण्याची मान्यता दाखवून मातीचा रिपोर्ट देणारे महाभाग आहेत.

रिपोर्ट हातात आला की तीन ठिकाणी बोट ठेवा. ‘बीडीएल’, म्हणजे यंत्राला दिसण्याइतकं नाही, असं लिहिलं असेल तर यंत्राला दिसण्याची मर्यादा किती होती? ती १ पीपीएम असेल तर कॅडमियमसाठी तो रिपोर्ट कोरा कागद. मग, एकूण धातू मोजला की डीटीपीए या रसायनाने निघालेला, झाडाला मिळू शकणारा? दोन्ही आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि विकणारे सोयीचा तो दाखवतात. भाजी दिली असेल तर आकडा ताज्या वजनावर की वाळलेल्या? कोडेक्सची मर्यादा ताज्या भाजीला आहे. पालकात नव्वद टक्के पाणी, म्हणजे वाळलेल्या पालकातले किलोला २ मिलिग्रॅम हे ताज्यातले ०.२. इथे भल्याभल्यांनी उगाच घबराट पसरवली आहे.

दोन्ही तपासण्यांचे पैसे नसतील तर मातीपेक्षा पालक द्या. धुऊन द्या, आपण खातो तसाच. शिसं मुळातून वर फार चढत नाही, पानावर बसलेल्या धुळीतूनच जास्त पोटात जातं.

शंकासूर

आणि सरकारी नियम? खताच्या पिशवीला काही बंधन आहे की नाही?

मृद्गंध

आहे. खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये शहरी कंपोस्टला मर्यादा आहेत. किलोला कॅडमियम ५ मिलिग्रॅम, आर्सेनिक १०, शिसं १००, क्रोमियम ५०, निकेल ५०, पारा ०.१५. कचऱ्याच्या ढिगातून बनणाऱ्या कंपोस्टला हे हवंच, कारण न वेचलेल्या कचऱ्यात बॅटरी, रंगाचे डबे सगळं येतं. पण ‘खनिज भुकटी’, ‘मृदा सुधारक’ असल्या मोघम नावाने विकलं की विकणारा म्हणतो, हे खत नाहीच. आणि त्याला विचारायला दारात कोणी येत नाही.

गंमत बघा, आपला बेसाल्ट या कंपोस्टच्या क्रोमियमच्या मर्यादेत बसेलच असं नाही. आपली कितीतरी काळी मातीही बसणार नाही. म्हणून नुसता एकूण आकडा बघून निकाल देता येत नाही.

तुळशीवृंदावन

ताजी खबर. दुकानात जाऊन दोन्ही पिशव्यांचा रिपोर्ट मागितला. आधी म्हणाला, “ताई, नैसर्गिक आहे, याला कसला रिपोर्ट?” मी हटले नाही, तेव्हा वितरकाला फोन लावला. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ आली. त्यात सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, पोटॅश. शिसं-कॅडमियमची ओळच नाही. बॅच नंबरच्या जागी रेघ, आणि उत्पादनाचं नाव भलतंच. रॉक फॉस्फेटचं तर काही आलंच नाही. न उघडलेली पिशवी परत घेतली त्याने, कुरकुर करत. भुकटीची अर्धी मी वापरून बसले आहे, आणि एक मूठ रॉक फॉस्फेट दुसऱ्या सुट्या पाकिटातून काही कोकोपीटच्या कुंड्यांत गेलंय.

त्या कुंड्यांचं काय करू? माती फेकून द्यायची का?

उमरेडकर

फेकून काऊन देता ताई, माती का फेकायची गोष्ट हाये का.

मृद्गंध

फेकू नका. एका मुठीने काही प्रलय येत नाही, पुढची मूठ घालू नका म्हणजे झालं. त्या कुंड्यांतून या हंगामात पालक, मेथी, सांबार, अंबाडी काढा. कॅडमियम पानांत जास्त, फळांत बरंच कमी उतरतं. तिथे टमाटर किंवा तो दोडका हलवा, नाहीतर सरळ झेंडू, शेवंती लावा. पालेभाजी काळ्या मातीच्या कुंड्यांत न्या, फक्त त्यांत राख किंवा भुकटी गेलेली नसावी. कोकोपीटच्या कुंड्यांत निम्मी काळी माती आणि भरपूर शेणखत मिसळा. सामू वर येईल, सेंद्रिय पदार्थ धातूला धरून ठेवेल. पानं पिवळी-लहान राहत असतील तर जस्ताची कमतरता आहे का ते बघून तेवढं जस्त द्या.

त्या कुंड्यांतला झेंडूचा पाला कंपोस्टच्या डब्यात टाकू नका, नाहीतर तेच पुन्हा फिरून पालकात. आणि पालकाचा नमुना द्यायचा असेल तर तीन-चार कुंड्यांतून थोडा थोडा काढून, धुऊन, पाणी निथळवून नव्या झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत द्या, वर्तमानपत्रात गुंडाळून नको.

अंबाझरी_कट्टा

ताई, रिपोर्ट आला का इथंच टाका. बीडीएल आला तर यंत्राची मर्यादा विचारून मगच टाका, नाहीतर मृद्गंध भाऊ झोपू द्यायचे नाहीत.